दारूला न शिवणाऱ्या घरातही यकृत आजारी पडते

“आमच्या घरात कोणी दारूला हातही लावत नाही, मग लिव्हर कसे बिघडेल?” सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडल्यावर अनेक कुटुंबांत हाच प्रश्न विचारला जातो. दारू यकृताची मोठी शत्रू आहे, यात शंका नाही. पण ती एकमेव शत्रू नाही. वाढलेले वजन, मधुमेह, दूषित पाणी, न उकळलेली सुई आणि मनाने घेतलेल्या गोळ्या यांनीही यकृत बिघडते. “आपल्याला हा आजार होणारच नाही” या समजुतीमुळेच आपल्या घरांत त्याच्या खुणा उशिरा ओळखल्या जातात.

यकृत पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. ते अन्नातील साखर साठवते, विषारी द्रव्ये निकामी करते आणि पित्त तयार करते. त्याच्याच खाली पेरूएवढी लहानशी पिशवी असते, ते पित्ताशय. तेलकट-तुपकट अन्न पोटात गेले की ही पिशवी आकुंचन पावते आणि पित्त आतड्यात सोडते.

दावतीनंतरचे दुखणे

वलीम्याची बिर्याणी खाऊन सगळे घरी येतात. रात्री एक-दोनच्या सुमारास अम्मीच्या पोटात, उजवीकडे बरगडीखाली किंवा मधोमध, जोराची कळ येते. ती पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत जाते, उलटी होते. अर्ध्या तासाने म्हणा, चार तासांनी म्हणा, दुखणे आपोआप थांबते. सकाळी सगळे म्हणतात, “गॅस झाला होता.” मग पुढच्या दावतीनंतर पुन्हा तेच.

असे वारंवार होत असेल तर ते पित्ताचे खडे असण्याची शक्यता आहे. पित्ताशय आकुंचन पावताना खडा तोंडाशी अडकतो, म्हणून कळ येते. खडा मागे सरकला की दुखणे थांबते, पण खडा तिथेच राहतो. हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो. गर्भारपण, लठ्ठपणा, वाढते वय आणि झपाट्याने वजन कमी करणे यांनी धोका वाढतो. रमजानमध्ये दिवसभर पित्ताशय भरलेले असते. इफ्तारला एकदम भजी-समोसे खाल्ले तर ज्यांना खडे आहेत त्यांना त्रास होऊ शकतो.

साध्या सोनोग्राफीत हे खडे सहसा दिसतात. मात्र एक गोष्ट विसरू नका. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येऊन घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर ते हृदयाचेही दुखणे असू शकते. तेव्हा गॅसची गोळी देत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

कावीळ हा आजार नव्हे, खूण आहे

कावीळ प्रथम डोळ्यांच्या पांढऱ्या भागात दिसते. ट्यूबलाइटखाली ती चटकन कळत नाही, म्हणून दिवसाच्या उजेडात खिडकीशी उभे करून पाहा. भरपूर पाणी पिऊनही लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे ही दुसरी खूण. शौच पांढरट, मातकट होणे आणि अंगाला खाज सुटणे या खुणा पित्ताचा रस्ता अडल्याचे सुचवतात.

आपल्याकडे काविळीसाठी गळ्यात माळ घालतात, चुन्याच्या पाण्याने हात धुवून ती “उतरवतात”. रोगी बराही होतो. याचे कारण असे की दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. पण त्याच माळेने नळीत अडकलेला खडा निघत नाही, गाठ विरघळत नाही. म्हणून माळ घालण्याआधी रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करा. पाल्याचे रस आणि अनोळखी पुड्या तर टाळाच. आधीच सुजलेल्या यकृतावर त्यांचा भार पडतो.

दोन जीव विशेष जपा. गर्भवती स्त्रीला हिपॅटायटिस ‘ई’ची कावीळ झाली तर जिवावर बेतू शकते, तिला घरी ठेवू नका. तसेच नवजात बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली आणि शौच पांढरट होत असेल, तर “उन्हात ठेवा, जाईल” म्हणून थांबू नका. जन्मतःच पित्तनळी बंद असेल तर ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांत होणे फार मोलाचे असते.

जे दुखतच नाही

चरबी साठलेले यकृत आणि हिपॅटायटिस ‘बी’, ‘सी’ वर्षानुवर्षे गप्प राहतात. नुसता थकवा, भूक मंदावणे, एवढेच जाणवते. पाय सुजू लागले, पोटात पाणी भरून ते फुगले, तेव्हा बरेच नुकसान झालेले असते. म्हणून मधुमेह किंवा पोटाचा घेर वाढलेला असेल, कधी रक्त चढवलेले असेल, घरात कोणाला ‘बी’ असेल, तर त्रास नसतानाही तपासून घ्या. २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी व उपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ‘बी’ची लस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते.

त्याच दिवशी दवाखान्यात

• काविळीबरोबर थंडी वाजून ताप आणि पोटात दुखणे
• रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच
• काविळीच्या रोग्याचे असंबद्ध बोलणे, सतत झोपेत राहणे
• सहा तासांहून अधिक टिकलेली पोटातील कळ

यकृताचा आजार असलेल्यांनी रोज्यांबाबत आधी डॉक्टरांशी बोलावे. आजाऱ्याला शरीअतने सवलत दिली आहे, ती घेण्यात संकोच नको. आणि उद्या सकाळी अम्मी-अब्बांना खिडकीशी बोलावून एकदा त्यांचे डोळे पाहा. स्वतःहून त्या सांगणार नाहीत, “गॅस आहे” म्हणून उठून कामाला लागतील.