गळकी झडप आणि घमेल्यातले डास

पावसाळ्यात आमच्या सरकारी रुग्णालयाचा मेडिसिन वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरलेला असतो. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एका खाटेवर माझ्या आत्याचा नातू होता. वय १९, निदान डेंग्यू. सहाव्या दिवशी तो बरा होऊन घरी गेला आणि पुढच्या रविवारी मी त्याला पाहायला कासारसाईला गेलो.

धरण भरले होते, रस्त्यावर हिंजवडीकडून आलेल्या गाड्यांची गर्दी होती. नातू ठीक होता, फक्त थकलेला. हात धुवायला मागच्या पडवीत गेलो, तर तिथे आत्याचे जुने सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. वय नातवापेक्षा जास्त. त्याची पाणी सोडण्याची नळी एका घमेल्यात सोडलेली आणि नळीतून थेंब थेंब पाणी गळत होते.

घमेल्यावर माझी सावली पडली आणि पाण्यात एकदम वळवळ झाली. पृष्ठभागाला उलट्या लटकलेल्या अळ्या तळाकडे पळाल्या. डासांच्या अळ्या.

“आत्या, हे पाणी कधीपासून आहे?”

“रोजचंच ताजं आहे की! सकाळी नळाला पाणी असतं तेव्हा मशीन भरून ठेवते, दुपारी कपडे लावते. तोवर हे गळतं. वाया कशाला घालवायचं? तुळशीला होतं.”

पाणी जपणाऱ्या बाईला काय बोलणार? कपडे धुताना ती नळी मोरीत सोडायची, त्यामुळे घमेल्यात साबणाचे पाणी येत नव्हते. रोज दोन तांबे झाडांना जायचे, तेवढीच भर पुन्हा पडायची. घमेले पूर्ण रिकामे मात्र कधीच होत नव्हते. स्वच्छ, साचलेले, सावलीतले पाणी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. नातवाला चावलेला डास याच घमेल्यातला होता, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पुढचा डास इथून निघू नये, याची सोय करता येत होती. मी बाह्या वर केल्या.

अशा मशीनमधली पाणी सोडण्याची झडप अगदी साधी असते. टाकीच्या तळाला भोक, त्यावर स्प्रिंगने दाबून बसवलेले रबराचे बूच. वरचे बटण फिरवले की एक दोरी किंवा तार ते बूच उचलते आणि पाणी निघून जाते. बटण परत फिरवले की स्प्रिंग बूच खाली दाबते. बूच आणि भोकाची कड यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी गळती सुरू होते. बहुतेक वेळा कारण असते अडकलेला कचरा. नाहीतर कडक झालेले किंवा चिरलेले रबर, सैल पडलेली स्प्रिंग किंवा गरजेपेक्षा जास्त ताणलेली दोरी.

पहिले काम प्लग काढण्याचे. नुसते बटण बंद करून चालत नाही. ओल्या फरशीवर, अनवाणी, विजेच्या यंत्राला हात लावणे किती महाग पडते ते आम्ही अपघात विभागात पाहतो. टाकी रिकामी करून मशीन भिंतीपासून ओढले, मागच्या पत्र्याचे स्क्रू काढले. टाकीखाली झडपेचा प्लास्टिकचा डबा दिसला. त्याचे झाकण हाताने उलटे फिरवताच उघडले. आत स्प्रिंग, रबराचे बूच आणि त्याच्या कडेला अडकलेली केसांची गुंतवळ, धागे, एक शर्टाचे बटण आणि गंजलेली सेफ्टी पिन!

पिन सांभाळून काढली. रबर साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासले. सुरीने खरवडायचे नाही, नवी चीर पडते. कडेवरून बोट फिरवून पाहिले. रबर अजून मऊ होते. ते चिरलेले असते, तर जुने बूच नमुना म्हणून दुकानात नेऊन तसलेच आणावे लागले असते. सगळे होते तसे बसवले, दोरी किंचित सैल आहे ना ते पाहिले, मग अर्धी टाकी भरून नळी खाली सोडली. वीस मिनिटांत एक थेंबही पडला नाही. खर्च शून्य, वेळ पाऊण तास. हे जमणार नसेल तर मेकॅनिकला बोलवावे. आणि मशीनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ते लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

घमेल्याचे काम अजून बाकी होते. आत्या पाणी ओतून ते बाजूला ठेवणार होती. मी थांबवले. एडिसची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी कोरड्या भांड्यात कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात. म्हणून भांडे नुसते ओतून भागत नाही, आतून काथ्याने घासावे लागते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो, त्यामागे हेच गणित आहे.

हा उपाय जुना आणि पारखलेला आहे. १९०१ साली क्यूबातल्या हवाना शहरात पीतज्वर याच डासामुळे पसरत होता. तेव्हा लस नव्हती. विल्यम गॉर्गस या लष्करी डॉक्टरने घरोघरी माणसे पाठवून पाण्याची पिंपे आणि भांडी तपासली, झाकायला लावली. त्याच वर्षी शहरातला पीतज्वर आटोक्यात आला.

आत्याच्या नातवाचे एक बरे झाले, घरच्यांनी त्याला वेळेत आणले. डेंग्यूत ताप उतरू लागतो तेव्हाच धोका वाढू शकतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. पोटात जोराचे दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे, यातले काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

आत्याने कोरडा दिवस शनिवार ठरवला आहे. त्या दिवशी फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आणि पिंपे घासली जातात. तुळशीला आता डाळ-तांदूळ धुतलेले पाणी मिळते. घमेले मागच्या भिंतीशी पालथे आहे. तुमच्या मशीनची नळी कशात सोडली आहे, ते आज एकदा वाकून पाहा.