पोटावरच्या चिरा आणि मेडिकलमधली ट्यूब

सहावा-सातवा महिना लागला की पोटावर, ओटीपोटाशी, मांड्यांवर, छातीवर लालसर-जांभळट रेघा दिसू लागतात. आपण त्यांना चिरा म्हणतो, दुकानात स्ट्रेच मार्क्स म्हणतात. सावळ्या अंगावर त्या गडद तपकिरीही दिसतात. निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना त्या पडतात. हा आजार नाही आणि पोटातल्या बाळाला त्यामुळे काही होत नाही.

पोट वाढते तशी कातडी ताणली जाते. वरच्या थराखाली कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे बारीक धागे असतात. गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे ते आधीच थोडे कमजोर झालेले असतात. ताण वाढला की तुटतात आणि तिथे आतून व्रण राहतो. आईला किंवा सख्ख्या बहिणीला चिरा असतील, जुळे असेल, वजन झपाट्याने वाढले असेल, तर शक्यता जास्त. अगदी कमी वयात दिवस गेलेल्या मुलींनाही त्या जास्त पडतात. "खाजवलंस म्हणून चिरा पडल्या," असे घरातली मोठी माणसे सुनेला ऐकवतात, त्यात तथ्य नाही. कातडी ताणते, कोरडी पडते, म्हणून खाज येते. खाजवल्याने फार तर ओरखडे उठतील.

मग तेल-क्रीम लावायचे की नाही? खोबरेल लावा, जरूर लावा. कोरडेपणा जातो, खाज कमी होते. पण तुटणारे धागे आतल्या थरात आहेत, तेल तिथवर पोचत नाही. ऑलिव्ह तेल, कोको बटर वापरून अभ्यास झाले आहेत; त्यांनी चिरा टळतात असे दिसले नाही. तेव्हा चारशे-पाचशे रुपयांची बाटली घरातल्या खोबरेलापेक्षा जास्त काम करील ही आशा सोडा. तेल हलक्या हाताने लावा. गरोदरपणी पोट दाबून, रगडून मालिश करून घेऊ नका, मालिश करणारी बाई कितीही जुनी-जाणती असो.

चिरा पडू नयेत म्हणून कमी खाणे तर फारच वाईट. साधारण प्रकृतीच्या बाईचे वजन नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढायला हवे, अशक्त बाईचे त्याहून जास्त. ते हळूहळू वाढावे एवढेच पाहायचे. डाळ, अंडी, मासळी, पालेभाजी, शेंगदाणे यांवर पैसा घाला. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, त्या दिवशी वजनाची नोंद करून घ्या.

आता त्या ट्यूबविषयी. वस्तीत गजकर्ण, खाज, काळे डाग, सगळ्यांवर मेडिकलमधून एकच ट्यूब आणली जाते आणि घरभर वापरली जाते. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असे लिहिले असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते म्हणून ती आवडते. पण महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते आणि मांड्यांत, काखेत रुंद चिरा याच क्रीममुळे पडतात. चिरांवर उपाय म्हणून चिरा पाडणारे औषध! गरोदरपणात जहाल स्टेरॉइड फार प्रमाणात लावले तर बाळाचे वजन कमी भरण्याचा धोकाही असतो. आधीपासून लावत असाल तर ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा. ट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉल लिहिलेले क्रीम गरोदरपणी लावूच नका. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बाळंतपणानंतर सहा महिने ते वर्षभरात चिरांचा लाल रंग आपोआप उतरतो, त्या फिक्या, चंदेरी होतात. पूर्ण पुसल्या जात नाहीत. लेझरने फरक पडतो, पण खर्च मोठा, बऱ्याच वेळा जावे लागते, आणि सावळ्या कातडीवर उलट काळे डाग पडू शकतात. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी पोटाकडे बघून नाक मुरडले म्हणून कर्ज काढून हे करण्यात मला शहाणपण दिसत नाही.

एक खाज मात्र वेगळी ओळखायची. शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपाय खाजतात, अंगावर पुरळ नसते, रात्री खाज वाढते, कधी लघवी गडद होते, डोळे पिवळसर दिसतात. ही चिरांची खाज नव्हे. यात यकृतातले पित्त रक्तात साठते आणि बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो. तेल लावत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन "तळहात खाजतात, पित्ताची रक्ततपासणी करा," असे स्पष्ट सांगा. बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्रसुद्धा काढू नका.