चिनी वैद्यक विद्यालयांचे समाजसंपर्क कार्यक्रम : हाँगकाँगचे उदाहरण

प्रस्तावना

वैद्यक विद्यालय वर्गाबाहेर पडून शाळेत, वस्तीत किंवा वृद्धांच्या केंद्रात कार्यक्रम घेते, तेव्हा ते लोकांना नेमके काय शिकवते? वरवर पाहता तो उपचारपद्धतीचा प्रचार वाटतो. परंतु त्यातला सर्वांत उपयोगी भाग सुरक्षिततेचा असतो. हे आपण हाँगकाँगच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

१. पार्श्वभूमी

हाँगकाँगमध्ये वनौषधी घरोघरी वापरल्या जातात. रस्त्यावरच्या दुकानांत 'लिआंग छा' म्हणजे 'थंड चहा' मिळतो. येथे 'थंड' हा शब्द तापमानासाठी नसून गुणधर्मासाठी आहे. आपण ताकाला थंड म्हणतो तसाच. म्हणजे माणूस वैद्याकडे जाण्यापूर्वीच औषध घेत असतो.

१९८९ मध्ये येथे काढा पिऊन दोघांना गंभीर विषबाधा झाली. काढ्यात 'लोंगदानत्साओ' या मुळीऐवजी 'गुइज्यू' ही पोडोफायलम गटातील विषारी मुळी गेली होती. त्याच वर्षी सरकारने चिनी वैद्यकाचा अभ्यास करण्यासाठी कार्यगट नेमला. पुढे १९९८ मध्ये हाँगकाँग बाप्टिस्ट विद्यापीठात चिनी वैद्यकाचा पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९९९ मध्ये चिनी वैद्यकाचा कायदा संमत झाला. त्यानुसार वैद्यांची नोंदणी आवश्यक ठरली.

२. कार्यक्रमाचे घटक

अशा कार्यक्रमांत साधारणपणे पुढील गोष्टी असतात :

(अ) औषधी द्रव्यांची ओळख : सारख्या दिसणाऱ्या वाळलेल्या मुळ्या शेजारी ठेवून फरक दाखवतात. येथे शिकायची गोष्ट 'आता मी ओळखू शकतो' ही नाही. 'नुसत्या डोळ्यांनी ओळखणे किती अवघड आहे' ही आहे.

(आ) व्यायाम : 'बादुआनजिन' हा आठ हालचालींचा सौम्य व्यायाम. त्याला साधने लागत नाहीत, त्यामुळे तो वृद्धांना शिकवणे सोपे जाते.

(इ) बिंदूदाब : अंगठा व तर्जनी यांच्यामधील 'हगू' बिंदू दाबायला शिकवतात. गरोदरपणात तो टाळावा, ही परंपरागत सूचनाही सोबत द्यावी लागते.

(ई) आरोग्यसल्ला : नोंदणीकृत वैद्य नाडी व जीभ पाहतात. विद्यार्थी त्यांच्या देखरेखीखाली मदत करतात. स्वतंत्रपणे औषध देत नाहीत.

३. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न

सल्ल्याच्या टेबलावर विचारायलाच हवा असा प्रश्न म्हणजे, 'सध्या कोणती औषधे घेता?' रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसोबत 'दानशेन' ही मुळी घेतल्यास वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. अनेक रुग्ण काढ्याला औषध मानतच नाहीत; म्हणून ते डॉक्टरांना त्याबद्दल सांगत नाहीत. ही माहिती दवाखान्यात पुढे येत नसेल, तर वस्तीतल्या गप्पांत ती पुढे येण्याची शक्यता अधिक असते.

४. मर्यादा

पाच मिनिटांच्या भेटीत निदान होत नाही. कार्यक्रमाला झालेली गर्दी हा उपचाराच्या परिणामकारकतेचा पुरावा नव्हे. त्यासाठी नियंत्रित चाचण्याच लागतात.

सारांश

चांगला समाजसंपर्क कार्यक्रम लोकांना औषध वाटत नाही. काय घेऊ नये, कोणाला विचारावे आणि डॉक्टरांपासून काय लपवू नये, हे तो सांगतो.

स्वाध्याय : आपल्या घरी नियमित घेतले जाणारे काढे व चूर्णे यांची यादी करा. त्यांतील किती गोष्टी डॉक्टरांना सांगितल्या आहेत?