भक्ती बर्वे : एका कंठातील तीन मराठी

मावळच्या मुलखाला बातमीचे अप्रूप कधी नव्हते. कोकण आणि देश यांच्या मधोमध पसरलेली ही चिंचोळी पट्टी म्हणजे वार्तेचा जुना हमरस्ताच. बंदराकडून निघालेला जासूद बोरघाट चढून वर आला, की त्याचा पहिला विसावा याच मातीत पडे. १७७९ च्या जानेवारीत वडगावी मराठी फौजेने इंग्रजांना कोंडून तहास भाग पाडले, तेव्हा जयाचे खलिते पुण्याकडे आणि पराजयाचे मुंबईकडे इथूनच निघाले. १८६३ साली घाटातून आगगाडी धावू लागली, तेव्हा जासुदाचे काम टपालाच्या थैल्यांनी आणि रुळांच्या कडेने चाललेल्या तारांनी उचलले. परंतु या सर्व काळात मावळच्या वाटेने बातमी जात असे ती कागदावर लिहिलेली किंवा तारेवर टकटकणारी. बातमीला माणसाचा चेहरा आणि माणसाचा कंठ लाभला, तो १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर आणि पुढल्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिल्यानंतर. त्या आरंभीच्या वर्षांत जे चेहरे आमच्या घरांत आले, त्यांपैकी एक भक्ती बर्वे यांचा होता. त्यांना महाराष्ट्र ओळखतो तो ‘ती फुलराणी’ची मंजुळा म्हणून, आणि ते यथायोग्यच आहे. पण वृत्तनिवेदिका भक्ती बर्वे यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, आणि मला तर असे वाटते की ती मंजुळा आणि ही निवेदिका यांना एकमेकींवाचून समजून घेता येत नाही.

लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीत आमच्या चाळीत एकच दूरचित्रवाणी संच होता. लाकडी पेटीचा, दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या दारांचा तो संच ज्या घरी होता, त्या घरच्या यजमानांनी टपाल कचेरीतून त्याचा रीतसर परवाना काढला होता आणि दरसाल त्याचे शुल्क भरून ते परवान्याचे पुस्तक गणपतीच्या तसबिरीमागे जपून ठेवले होते. कौलांवरच्या अँटेनाचे तोंड सिंहगडाच्या रोखाने केलेले असे. आषाढात वारा सुटला, की ते तोंड नागफणीकडे वळे आणि पडद्यावर मुंग्या धावू लागत. मग कोणी तरी पोरगा इरले पांघरून कौलांवर चढे, खालून खिडकीतून “आलं, आलं, गेलं, थोडं मागं घे” असा पुकारा चाले आणि मुंग्या पांगून निवेदिकेचा चेहरा पुन्हा उमटला म्हणजे सारी खोली एकदम गप्प होई.

ही शांतता नुसत्या नवलाईपोटी नव्हती. आमच्या वसाहतीतील निम्मे पुरुष घाट विभागात कामाला होते, आणि सदतिसास एक अशा चढाच्या त्या लोहमार्गावर पावसाळ्यात दरड कोसळणे ही वर्तमानपत्रातील वार्ता नसून घरातील चिंता होती. वडील रात्रपाळीला गेलेले असताना एका सायंकाळी बातम्यांत ठाकूरवाडी आणि मंकी हिल यांच्या दरम्यान दरड कोसळल्याचे वाक्य सुरू झाले. मराठी वाक्याचा जीव क्रियापदात आणि क्रियापद असते शेवटी. त्यामुळे स्थळ कळले, वेळ कळली, दरड कळली, तरी त्या दरडीने कोणाला नेले की सगळे बचावले, हे वाक्य संपेपर्यंत कळावयास मार्ग नव्हता. आईने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते. त्या दिवशी वाचणारी व्यक्ती कोण होती हे मला आता आठवत नाही, पण तिने त्या वाक्याची घाई केली नाही आणि ते लांबवलेही नाही, एवढे पक्के स्मरते. ‘ठाकूरवाडी’तला ‘ठा’ आणि ‘दरड’मधला ‘ड’ आपापल्या जागी स्वच्छ उमटले आणि अखेर कोणासही इजा झालेली नसल्याचे क्रियापद आले. आईने मूठ सोडली. बातमी वाचणे म्हणजे काय, हे मला पुढे पुस्तकांतून पुष्कळ समजले. पण ऐकणाऱ्याच्या मुठीतले पदराचे टोक निवेदकाला दिसत नसते आणि तरीही ते तिथे आहे असे धरूनच त्याला वाचावे लागते, ही गोष्ट मी त्या सायंकाळी शिकलो.

त्या पिढीतील निवेदक हे निवेदनाच्या शाळेतून आलेले नव्हते, कारण अशी शाळाच नव्हती. मुंबई दूरदर्शनचे पहिले मराठी वृत्तनिवेदक डॉ. विश्वास मेहेंदळे हे रंगभूमी, अध्यापन आणि पत्रकारिता या तिन्ही प्रांतांत वावरलेले होते. अनंत भावे हे बालसाहित्याचे लेखक होते. स्मिता पाटील तर इतक्या कोवळ्या वयाच्या होत्या, की जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत असत, आणि श्याम बेनेगल यांनी त्यांना पाहिले ते बातम्या वाचतानाच. १९७४ पासून ज्यांचा आवाज चार दशके महाराष्ट्राच्या कानांत राहिला, ते प्रदीप भिडे २०२२ च्या जूनमध्ये गेले तेव्हा ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिले नव्हते अशा माणसांनाही आपल्या बैठकीतला कोणी उठून गेल्यासारखे वाटले. दूरदर्शन हा १ एप्रिल १९७६ पर्यंत आकाशवाणीचाच एक विभाग होता. त्यामुळे या साऱ्यांवर संस्कार होता तो आकाशवाणीचा, म्हणजे ज्या माध्यमात चेहरा उपयोगी पडत नाही आणि शब्दाला स्वतःच्याच पायांवर उभे राहावे लागते, त्याचा.

भक्ती बर्वे याच वाटेने आल्या. १० सप्टेंबर १९४८ रोजी सांगलीत जन्मलेली ही मुलगी सुधा करमरकर यांच्या ‘लिटल थिएटर’च्या बालनाट्यांतून रंगभूमीवर आली, आकाशवाणीवर निवेदिका झाली आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचू लागली. बालरंगभूमीचे महत्त्व इथे विसरता येत नाही. लहान मुलांसमोर नाटक करणाऱ्या नटाला एक विद्या अवगत करून घ्यावीच लागते : शेवटच्या रांगेतल्या चिमुरड्यापर्यंत शब्द पोहोचला पाहिजे आणि तरीही तो ओरडून बोललेला वाटता कामा नये. भक्ती बर्वे यांच्या बातम्यांत हे कसब मला नेहमी जाणवे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचे भांडे, यांतील ‘ज’ एक नव्हे. ‘चाक’चा ‘च’ आणि ‘चिमणी’चा ‘च’ एक नव्हे. ‘मळवली’तला ‘ळ’ जिभेला टाळता येत नाही. ‘एकोणऐंशी’ आणि ‘एकोणनव्वद’ यांत गोंधळ झाला तर लोणावळ्याच्या पावसाचा आकडा दहा मिलिमीटरने चुकतो. हे सारे थेट प्रक्षेपणात, हातातल्या कागदावरून, दुसऱ्या संधीची आशा न ठेवता वाचावयाचे, आणि वाक्याच्या अखेरीस नजर उचलून पाहावयाचे, ते मात्र जणू एकाच माणसाकडे.

माझी आजी नाणे मावळातली. तिची मराठी पुस्तकातली नव्हती. ती ‘पानी’ म्हणे, ‘व्हतं’ म्हणे, आणि शिकलेल्या माणसांसमोर पुष्कळदा बोलावयाचेच टाळी. तिला मी एकदा विचारले, “आजी, तुला बातम्या समजतात का गं?” आजी म्हणाली, “समजत्यात की. पोरगी धडाधडा बोलती, पन पायरी सोडीत न्हाई.” पायरी न सोडणे, हा शब्दप्रयोग आजीने कोणत्या अर्थाने केला यावर मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. प्रमाण भाषा बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर पुष्कळदा एक अदृश्य छडी असते. समोरच्याने ‘व्हतं’ म्हटले, की ती उगारली जाते. या निवेदिकेच्या बोलण्यात ती छडी नव्हती, आणि म्हणून आजीला त्या शुद्ध मराठीचा धाक वाटत नव्हता.

ती छडी का नव्हती, याचे उत्तर १९७५ साली रंगभूमीवर मिळाले. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’चे ‘ती फुलराणी’ हे मराठी रूप सिद्ध केले. लंडनच्या फुलवालीची मुंबईची मंजुळा साळुंके झाली, आणि भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी उभे राहिले. एका गरीब मुलीची बोली घासूनपुसून तिला प्रतिष्ठित समाजात खपवण्याची पैज हा नाटकाचा विषय. आणि ज्या अभिनेत्रीला ही मुलगी साकारावयाची, तिच्याकडून एका अंकात अस्सल वस्तीतली मराठी आणि दुसऱ्या अंकात अस्सल प्रमाण मराठी अशा दोन्ही अपेक्षित. नाटकवाले सहसा पहिलीत रमतात आणि दुसरी उसनी वाटते, किंवा दुसरीत रुळतात आणि पहिली नक्कल ठरते. भक्ती बर्वे यांच्यापाशी दुसरी होती ती रोजच्या निवेदनाने कमावलेली, आणि पहिलीला त्यांनी विनोदाचा विषय होऊ दिले नाही. मंजुळेचे दुःख हे, की तिची भाषा बदलली तरी माणसांची तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलत नाही. ते दुःख ज्या कंठाने सांगितले, तोच कंठ इतर सायंकाळी राज्याच्या मंत्रिमंडळाचे निर्णय वाचत होता. महाराष्ट्राने ही गोष्ट हवी तितकी ध्यानात घेतली नाही, असे माझे प्रांजळ मत आहे.

आणि त्या कंठात तिसरी मराठीही होती. दूरदर्शनवर त्यांनी बहिणाबाई चौधरी उभ्या केल्या. जळगावजवळच्या असोद्याची, अक्षरओळख नसलेली ही कवयित्री. तिचे काव्य तिच्या पश्चात १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि त्यातील खानदेशी बोली साऱ्या महाराष्ट्राच्या जिभेवर गेली. आमच्या आजीने तो कार्यक्रम पाहिला तेव्हा ती काही वेळ पडद्याकडे निरखून पाहत राहिली आणि मग आनंदाने ओरडलीच, “अगं बया, ही तर बातम्यावाली!” खानदेशची बोली मावळच्या बोलीहून निराळी, परंतु बातम्यावाली बाई आपल्यासारखे, म्हणजे पुस्तकाबाहेरचे, बोलू शकते आणि तसे बोलताना तिला लाज वाटत नाही, हे पाहिल्यावर आजी त्या दिवसापासून चाळीतल्या त्या खोलीत पुढच्या रांगेत बसू लागली. मी भाषाविषयक पुष्कळ परिसंवाद ऐकले आहेत, पण प्रमाण भाषा आणि बोली यांचा इतका सुखाचा समेट मला दुसरीकडे आढळला नाही.

१९८३ च्या ‘जाने भी दो यारो’ या हिंदी चित्रपटात त्यांनी ‘खबरदार’ नामक पत्राच्या संपादिकेची भूमिका केली. सत्य उघडकीस आणण्याच्या नावाखाली त्याचा सौदा करू पाहणारी ती बाई आहे. बातमीची पवित्रता आणि बातमीचा बाजार, या दोहोंना एकाच अभिनेत्रीने कंठ दिला, हा योग विलक्षण खरा. १९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये त्यांचे पती, अभिनेते शफी इनामदार निवर्तले.

पुढे बातमीचे स्वरूपच पालटले. २००७ पासून चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या आल्या. निवेदक बसल्या जागेवरून उठला, चालू लागला, प्रश्न विचारू लागला, आणि त्यातून पुष्कळ चांगलेही झाले, कारण पूर्वी ज्या गावांची नावे बातम्यांत कधी येत नसत, ती येऊ लागली. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध द्रुतगती मार्गावर उतरलेल्या मावळच्या शेतकऱ्यांवर बऊर येथे गोळीबार झाला आणि तिघे जण मृत्युमुखी पडले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना पूल कोसळला आणि चौघे गेले. अशा प्रसंगी प्रत्येक घरात कोणी तरी मुठीत पदर धरून बसलेले असते. ते पाच-पाच मिनिटांना तेच वाक्य नव्या आवेशाने ऐकते, आणि क्रियापद मात्र येत नाही, ‘पाहत राहा’ एवढेच येते. मला त्या तरुण निवेदकांविषयी राग नाही. त्यांच्यावर वेळेचा जो जुलूम आहे तो पूर्वीच्यांवर नव्हता. पण वाक्य पूर्ण करणे हे श्रोत्याचे देणे आहे, आणि ते थकवू नये असे मी त्यांना कळवळून सांगेन.

पु. ल. गेले १२ जून २००० रोजी. त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ ला, भक्ती बर्वे वाईहून मुंबईकडे निघाल्या होत्या, ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा आपला कार्यक्रम वाईत करून. वाईहून मुंबईस जाणाऱ्याला खंबाटकी उतरून पुणे गाठावे लागते आणि पुढे मावळातून जावेच लागते : देहूरोड, तळेगाव, उजव्या हाताला इंद्रायणीचे खोरे, डाव्या हाताला लोहगड-विसापूर, मग लोणावळा, खंडाळा आणि घाट. ज्या कौलांवरून आम्ही त्यांचा चेहरा पडद्यावर आणण्यासाठी अँटेना फिरवीत होतो, त्या कौलांच्या बाजूने त्यांची मोटार गेली. घाट उतरून सपाटीवर आल्यानंतर, पनवेलच्या अलीकडे, भाताणच्या बोगद्याजवळ अपघात झाला आणि त्या गेल्या. वय बावन्न.

आजी तोवर नव्हती. वडील सेवानिवृत्त होऊन ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसत, आणि संच आता आमच्या घरीच होता. दूरदर्शनची मराठी वाहिनी वर्षभरापूर्वीच ‘सह्याद्री’ हे नाव घेऊन नांदू लागली होती. बातम्या सुरू झाल्या, आणि भक्ती बर्वे हे नाव आले. मराठीत मृत्यूच्या बातमीचे क्रियापदही शेवटीच येते, पण तिथवर थांबावे लागत नाही. नावापुढे ‘यांचे’ हा शब्द आला, की जाणत्या कानाला पुढचे सारे कळून चुकते. आई निवडायला घेतलेले तांदळाचे ताट मांडीवर ठेवून बसली होती. ‘यांचे’ या शब्दावरच ती ताट खाली ठेवून उठून उभी राहिली.