‘गाडी मी चालवत नव्हतो!’

सिडनीत गाडी चालवायची म्हणजे कधी ना कधी कॅमेऱ्याचा दंड घरी येतोच. तो गाडीमालकाच्या नावाने येतो. गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर त्याचं नाव-पत्ता लेखी कळवायचा, मग दंड आणि लायसन्सचे पॉइंट्स त्याच्या माथी. सोय चांगली. पण आपल्या मंडळींच्या गप्पांत तिला भलतीच वाट फुटते. ‘‘अरे, आई नुकतीच परत गेली ना? टाक तिचं नाव. साताऱ्यात तिला कोण विचारायला जातंय!’’ काकूंनी आयुष्यात स्कूटीही चालवलेली नाही, ते सोडा. पण खोटं नाव कळवणं हा इथे गुन्हा आहे, हे कुणाच्या गावीही नसतं. असा सल्ला कानावर आला की मी मार्कस आइनफेल्ड यांची गोष्ट सांगतो.

हे गृहस्थ फेडरल कोर्टाचे माजी न्यायाधीश. देशाच्या मानवी हक्क आयोगाचे पहिले अध्यक्ष. जानेवारी २००६ मध्ये मॉस्मनला ५०ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर त्यांची गाडी ६०च्या वेगाने कॅमेऱ्यात सापडली. दंड किती, तर ७७ डॉलर! आणि तीन पॉइंट्स. त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं, गाडी माझ्याकडे नव्हतीच. अमेरिकेहून आलेल्या प्रोफेसर टेरेसा ब्रेनन यांना दिली होती. कोर्टाने विश्वास ठेवला, दंड रद्द झाला.

एका वृत्तपत्राने सहज शोध घेतला तर काय, ब्रेननबाई २००३ मध्येच वारलेल्या! साहेब म्हणाले, त्या वेगळ्या, या वेगळ्या. मग पोलिसांना वीस पानी निवेदन दिलं. त्यात म्हणे, त्या दिवशी मी आईची गाडी घेऊन फिरत होतो. (इथेही आई आलीच!) पोलिसांनी आईच्या इमारतीतलं सीसीटीव्ही पाहिलं. तिची गाडी गॅरेजमधून हललीच नव्हती.

शेवटी २००८ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. मार्च २००९ मध्ये, वयाच्या सत्तरीत, तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातली दोन वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढली. ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा सन्मान गेला, वकिलांच्या यादीतून नावही कमी झालं.