ऑलिंपस ओएम-१

ऑलिंपस ओएम-१ हा जपानमधील ऑलिंपस कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणलेला, ३५ मिलिमीटर फिल्मवर छायाचित्रे टिपणारा एकभिंगी परावर्ती कॅमेरा आहे. या प्रकारच्या कॅमेऱ्यास सर्वसाधारणपणे एसएलआर म्हणतात. भिंगाशिवाय त्याचे वजन सुमारे ५१० ग्रॅम असून बॉडीची रुंदी १३६, उंची ८३ आणि जाडी ५० मिलिमीटर आहे. योशिहिसा माइतानी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्याची रचना केली. या कॅमेऱ्याने एसएलआरच्या आकाराविषयीच्या तत्कालीन समजुती बदलल्या. त्याचे शटर संपूर्णपणे यांत्रिक असून बॅटरीची आवश्यकता केवळ प्रकाशमापकाला असते. त्यामुळे उत्पादन थांबून अनेक वर्षे लोटली तरी तो आजही वापरता येतो.

पार्श्वभूमी

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावरून वर परावर्तित होतो. घासलेल्या काचेच्या पडद्यावर त्याची प्रतिमा उमटते आणि पंचकोनी लोलकातून ती डोळ्याला सुलट दिसते. कळ दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि तीच प्रतिमा फिल्मवर पडते. छायाचित्रकार भिंगातूनच दृश्य पाहत असल्यामुळे कोणतेही भिंग लावले तरी चौकट अचूक बांधता येते. या सोयीची किंमत मात्र आकाराच्या रूपाने मोजावी लागते. आरशाची पेटी, लोलक आणि त्यांना सांभाळणारी यंत्रणा यांमुळे कॅमेरा जड व उंच होतो, तसेच आरशाच्या हालचालीने आवाज आणि हादरा निर्माण होतो. १९७१ मध्ये आलेल्या कॅनन एफ-१ या व्यावसायिक कॅमेऱ्याच्या नुसत्या बॉडीचेच वजन ८०० ग्रॅमहून अधिक होते. दोन बॉडी आणि तीन-चार भिंगे घेऊन दिवसभर हिंडणाऱ्या छायाचित्रकाराच्या खांद्यावर हे ओझे पडत असे.

इतिहास

माइतानी यांचा जन्म १९३३ मध्ये झाला. वासेदा विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते १९५६ मध्ये ऑलिंपसमध्ये दाखल झाले. १९५९ मध्ये त्यांनी रचलेला ‘पेन’ हा छोटा कॅमेरा प्रसिद्ध झाला. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर तो अर्ध्या आकाराच्या चौकटी टिपत असल्याने ३६ चित्रांच्या रोलवर ७२ चित्रे निघत. १९६३ मध्ये त्याच आकाराच्या चौकटीचा ‘पेन एफ’ हा एसएलआर आला. त्यात त्यांनी आरसा वर न उचलता बाजूला वळवला आणि त्यामुळे कॅमेऱ्याच्या माथ्यावरील लोलकाचा उंचवटा नाहीसा झाला. पुढे २४ × ३६ मिलिमीटरच्या पूर्ण चौकटीसाठीही असाच आटोपशीर कॅमेरा करण्याचे त्यांनी ठरवले. त्यासाठी एखादी सोय वगळण्याऐवजी प्रत्येक भागाच्या जागेचा नव्याने विचार करण्यात आला.

हा कॅमेरा प्रथम ‘एम-१’ या नावाने विकला जाऊ लागला. लाइका कॅमेरे बनवणाऱ्या जर्मनीतील लाइट्झ कंपनीचे याच नावाचे एक प्रतिमान आधीपासून असल्याने तिने हरकत घेतली आणि १९७३ पासून कॅमेऱ्याचे नाव ‘ओएम-१’ झाले. ‘एम-१’ अशी अक्षरे कोरलेल्या आरंभीच्या प्रती आज संग्राहक आवर्जून शोधतात.

रचना

शटरचा वेग ठरवणारी यंत्रणा बहुतेक कॅमेऱ्यांत वरच्या झाकणाखाली असे. ओएम-१ मध्ये ती आरशाच्या पेटीच्या तळाशी नेण्यात आली. त्यामुळे कॅमेऱ्याची उंची कमी झाली आणि शटरचा वेग बदलणारे कडे भिंगाच्या बैठकीभोवती आले. छिद्राचे कडे भिंगाच्या पुढच्या टोकाला असते आणि दृश्य स्पष्ट करण्याचे कडे या दोहोंच्या मध्ये असते. परिणामी तिन्ही कामे डाव्या हाताने, कॅमेरा डोळ्यापासून न हलवता करता येतात. इतर कॅमेऱ्यांत वेगाची तबकडी जेथे असते तेथे ओएम-१ मध्ये फिल्मच्या संवेदनशीलतेची तबकडी आहे. दुसऱ्या कॅमेऱ्याची सवय असलेला मनुष्य आरंभी चुकून तीच फिरवू पाहतो.

शटर कापडी पडद्यांचे असून १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंतचे वेग त्यात मिळतात. कळ दाबलेली असेपर्यंत शटर उघडे ठेवण्याची ‘बी’ ही सोयही आहे. आरशाचा हादरा शोषून घेण्यासाठी आत हवेचा लहान दट्ट्या बसवलेला आहे. लांबलचक एक्स्पोजरच्या वेळी आरसा आधीच वर अडकवून ठेवता येतो. ही सोय, बॅटरीवाचून कितीही वेळ उघडे राहू शकणारे शटर आणि बदलता येणारे पडदे यांमुळे दुर्बिणीला कॅमेरा जोडून आकाश टिपणाऱ्या हौशी निरीक्षकांत ओएम-१ विशेष प्रिय ठरला.

आकार लहान असूनही याचा दृश्यदर्शक मोठा आहे. फिल्मवर येणाऱ्या चौकटीचा ९७ टक्के भाग त्यात दिसतो. ५० मिलिमीटरचे भिंग अनंतावर ठेवले असता प्रतिमा प्रत्यक्षाच्या ०.९२ पट दिसते. अनेक भिंगांना ४९ मिलिमीटर व्यासाचेच फिल्टर बसत असल्याने एकच फिल्टर सर्वत्र चालतो.

वापर

रोल भरताना फिल्मचे टोक उजवीकडील गुंडाळीच्या खाचेत अडकवून, दातांवर छिद्रे नीट बसल्याची खात्री करून मागचे झाकण बंद करतात. त्यानंतर तरफ ओढताना डावीकडील परत गुंडाळण्याची मूठ फिरते की नाही हे पाहणे अगत्याचे असते. ती फिरत नसेल तर फिल्म पुढे सरकत नाही आणि संपूर्ण रोल कोरा राहण्याचा संभव असतो.

प्रकाशमापक वरच्या बाजूच्या छोट्या खटक्याने चालू होतो. दृश्यदर्शकाच्या डाव्या कडेला दिसणारी सुई मधल्या खाचेत येईपर्यंत वेग किंवा छिद्र बदलावे लागते. मापक संपूर्ण दृश्यातील प्रकाशाची मध्यभागाकडे झुकती सरासरी घेतो. त्यामुळे पाठीमागे उजळ आकाश असताना चेहरे काळवंडतात आणि अशा वेळी छिद्र थोडे अधिक उघडणे इष्ट असते. मापक बंद पडला तरी काम अडत नाही. स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ ठेवून शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याजवळ ठेवावा, हा जुना ठोकताळा उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, १०० संवेदनशीलतेच्या फिल्मसाठी तो १/१२५ सेकंद येतो.

‘द ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश वृत्तपत्राच्या छायाचित्रकार जेन बाऊन यांनी नामवंतांची कृष्णधवल व्यक्तिचित्रे टिपण्यासाठी अनेक वर्षे ओएम-१ वापरला. नैसर्गिक प्रकाश आणि मोजकी साधने ही त्यांच्या कामाची ओळख होती.

जतन आणि दुरुस्ती

जुन्या ओएम-१ ला दोन बाबींचा मुख्य उपद्रव होतो. पहिली बाब बॅटरीची. मापकाची आखणी १.३५ व्होल्टच्या, पाऱ्याच्या सेलसाठी झाली होती. पारा विषारी असल्याने असे सेल बाजारातून गेले. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल बसतो खरा, परंतु त्यावर मापक प्रकाश आहे त्याहून अधिक दाखवतो आणि चित्र काळपट येते. श्रवणयंत्रात वापरला जाणारा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असल्याने त्यास जवळचा आहे. मात्र एकदा हवा लागली की तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतो. काही कारागीर मापकाच्या मंडलात डायोड बसवून व्होल्टेज उतरवतात.

दुसरी बाब स्पंजाची. लोलकाजवळ बसवलेल्या स्पंजाचा कालांतराने चिकट लगदा होतो आणि तो लोलकावरील चांदीचा मुलामा खातो. दृश्यदर्शकात काळे डाग किंवा आडवा पट्टा दिसू लागतो. फिल्मवरील चित्रावर याचा परिणाम होत नाही, परंतु एकदा गेलेला मुलामा सहसा परत मिळवता येत नाही. लोलक बदलणे हाच उपाय उरतो आणि त्यासाठी बहुधा दुसरा कॅमेरा मोडावा लागतो. म्हणून डाग पडण्यापूर्वीच स्पंज काढून टाकणे श्रेयस्कर ठरते. मागच्या झाकणाच्या खाचांतील प्रकाशरोधक स्पंजही असाच झिजतो. तो बदलणे मात्र सोपे व स्वल्प खर्चाचे असते. मुंबई, कोकण आणि गोव्यासारख्या दमट हवेत भिंगांना बुरशी लागते. त्यामुळे ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवतात.

उत्तराधिकारी

मोटर जोडता येणारी ‘एमडी’ आवृत्ती १९७४ मध्ये आणि सुधारित ‘ओएम-१ एन’ १९७९ मध्ये आली. १९७५ मधील ओएम-२ मध्ये फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाश एक्स्पोजर चालू असतानाच मोजला जाई. इतर कंपन्यांनीही आकार घटवण्यास आरंभ केला आणि १९७६ मध्ये आलेले पेंटॅक्सचे एमई व एमएक्स हे कॅमेरे ओएम-१ हूनही किंचित लहान होते. ओएम मालिकेचे उत्पादन २००२ मध्ये थांबले. २०१२ मध्ये ‘ओएम-डी’ या डिजिटल मालिकेने हे नाव आणि तिची बाह्य घडण पुन्हा आणली. त्या कॅमेऱ्यांत ना आरसा आहे ना लोलक, आणि बॅटरी संपली की त्यांचे काम थांबते.