पाच मैलांतले घर : लॉरी बेकर यांची सादगी

घर बांधणे ही कुटुंबाची मोठी कसोटी असते. वीस-पंचवीस वर्षांची हलाल कमाई काही महिन्यांत विटा-सिमेंटमध्ये जाते. ती पुरत नाही तेव्हा व्याजाच्या कर्जाकडे पावले वळतात. गंमत अशी, की बहुतेक वेळा पैसा निवाऱ्यासाठी कमी पडत नाही, दिखाव्यासाठी कमी पडतो. म्हणूनच एका वास्तुविशारदाच्या राहणीची आणि विचारांची ओळख आपल्या घरांतून व्हायला हवी.

लॉरी बेकर यांचा जन्म 1917 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात झाला. ते क्वेकर, म्हणजे साधेपणा आणि शांतता यांना महत्त्व देणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमध्ये जखमींची आणि कुष्ठरुग्णांची सेवा करून ते मायदेशी निघाले होते. वाटेत बोटीची वाट पाहत त्यांना मुंबईत थांबावे लागले. तिथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. बेकर यांच्या पायांत चिंध्यांपासून बनवलेले चिनी पद्धतीचे जोडे होते. गांधीजींचे लक्ष त्या जोड्यांकडे गेले आणि बोलणे सुरू झाले. घराला लागणारे सामान शक्यतो पाच मैलांच्या परिसरातलेच असावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी जन्मभर जपला.

1945 मध्ये ते कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात परतले आणि इथलेच झाले. केरळच्या डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पिठोरागडच्या डोंगरात या दांपत्याने सुमारे सोळा वर्षे काढली. पत्नी रुग्ण तपासायची, पती दवाखाना आणि शाळा बांधायचे. परदेशात शिकलेल्या या वास्तुविशारदाने तिथल्या अशिक्षित गवंड्यांना गुरू मानले. दगड, माती आणि लाकूड यांतून पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी घरे ते कशी उभारतात, हे त्यांनी जवळून पाहिले. 1963 मध्ये हे कुटुंब केरळला गेले.

बेकर यांच्या रोजच्या सवयी त्यांच्या कामासारख्याच होत्या. मोठे कार्यालय नाही, सहायकांचा ताफा नाही. जुने लिफाफे आणि लग्नपत्रिका यांची कोरी बाजू नकाशासाठी वापरायची. स्वतः बांधकामावर जायचे, गवंड्याशेजारी उभे राहून जागेवरच निर्णय घ्यायचे. मोडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्या, दारे, लाकूड त्यांना नव्या सामानाइतकेच मोलाचे वाटे. तिरुवनंतपुरमजवळ खडकाळ उतारावरचे त्यांचे स्वतःचे घरही एकदम उभे राहिले नाही. गरजेप्रमाणे ते हळूहळू वाढत गेले. जागेवर झाड असेल तर झाड तसेच ठेवून भिंत वळवायची, अशी त्यांची रीत होती. काटकसर करून, कार्टूनसारखी चित्रे काढून ते खर्च वाचवायच्या युक्त्या लोकांना समजावत. त्यांच्या छोट्या पुस्तिका म्हणूनच सामान्य माणसालाही कळतात.

या युक्त्या सोप्या आहेत. विटा आडव्या न रचता कडेवर उभ्या रचल्या, तर भिंतीच्या आत पोकळी राहते. त्यामुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि उन्हाची झळही कमी लागते. स्लॅबच्या खालच्या भागात जिथे काँक्रीटला फारसे काम नसते, तिथे मंगळुरी कौले घातली की सिमेंट आणि लोखंड वाचते. भिंत नीट रचली तर गिलावा आणि रंग यांचीही गरज उरत नाही. खिडक्यांच्या जागी त्यांनी अनेक ठिकाणी विटांच्या जाळ्या केल्या. जाळीतून हवा खेळते, उजेड येतो, आतून बाहेरचे दिसते, पण बाहेरून आतले दिसत नाही. आपल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची जाळी जगप्रसिद्ध आहे. परदा आणि वारा दोन्ही देणारी ही जुनी सोय आपण मात्र काळ्या काचा आणि एसी यांच्या नादात विसरलो.

आता आपल्या जव्हार-मोखाड्याकडे पाहू. पाच मैलांत काय आहे? काळा दगड आहे, माती आहे, बांबू आहे, कारवी आहे. वारली आणि कोकणा घरांच्या कारवीच्या, शेणमातीने सारवलेल्या कुडाच्या भिंती उन्हाळ्यात किती थंड असतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आज प्रत्येकाने कुडाचे घर बांधावे असे माझे म्हणणे नाही. इथला पाऊस दांडगा आहे आणि वाळवीही आहे. पण जोते दगडाचे, छप्पर उताराचे आणि वळचण रुंद ठेवली, तर भिंतींचे रक्षण होते. हे शहाणपण इथल्या मातीतलेच आहे. पत्र्याखाली एप्रिलमध्ये भाजून निघणाऱ्या घराला लाखाची फरशी थंडावा देत नाही.

वीट म्हणजे नुसती भाजलेली माती नव्हे, ही गोष्टही शिक्षक म्हणून सांगावीशी वाटते. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील कितीतरी आदिवासी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वर्गातल्या रिकाम्या जागा आम्हाला ते सांगतात. ज्या विटेमागे कुणाचे तरी घर सोडणे आणि कुणाची तरी शाळा सुटणे आहे, ती वीट निव्वळ मिरवण्यासाठी वापरणे हा फक्त आपल्या खिशाचा प्रश्न राहत नाही.

कुरआनाने इस्राफला, म्हणजे उधळपट्टीला, स्पष्ट मनाई केली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांची मदिन्यातील मशीद कच्च्या विटांच्या भिंतींची, खजुराच्या खोडांच्या खांबांची आणि झावळ्यांच्या छपराची होती. त्यांचे हुजरेही तसेच साधे होते. म्हणजे जवळचे सामान आणि गरजेपुरते बांधकाम हा धडा आपल्या घरातच होता. दुसऱ्या धर्माच्या एका माणसाने तो आयुष्यभर गिरवला, याचा आदर करायला हवा. भारत सरकारने 1990 मध्ये बेकर यांना पद्मश्री दिली. ते भारताचे नागरिक झाले आणि 1 एप्रिल 2007 रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

घराचा विचार करणाऱ्या कुटुंबांनी नकाशा काढण्यापूर्वी एकदा सर्वांनी मिळून बसावे. त्यात स्वयंपाकघरात दिवस काढणाऱ्या स्त्रियांचे मत आधी घ्यावे. वृद्ध अम्मी-अब्बांची खोली कुठे असावी, वाऱ्याची दिशा कोणती, जुन्या घरातले कोणते लाकूड आणि कौले पुन्हा वापरता येतील, हे ठरवावे. मग खर्चाच्या यादीतील प्रत्येक ओळीपुढे विचारावे, की ही वस्तू आपल्याला हवी आहे की पाहुण्यांना दाखवायची आहे? दाखवायच्या वस्तू काढून टाकल्या, तर पुष्कळ घरांना कर्जाशिवाय छप्पर मिळेल. पैसे कमी असतील तर आधी दोन खोल्या पक्क्या बांधाव्यात आणि उरलेल्या ऐपतीप्रमाणे वाढवाव्यात. बेकर यांनी स्वतः तसेच केले. अल्लाह आपल्या घरांत बरकत देवो आणि ती कर्जाच्या ओझ्याखाली दबू न देवो. आमीन.